लेहवरून उतरलेल्या लेकीचं सिझर

"बाळ आडवं आहे आणि पाणी सुटलंय. आत्ताच्या आत्ता सिझर करावं लागेल."

शहरात, गारखेड्यातल्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मी उभा होतो. उभाच राहिलो. सिझर म्हणजे पोट कापून बाळ काढायचं, हे मला ठाऊक होतं. पण आमच्या घरात कुठल्या बाईला बाळंतपणात कधी चाकू लागला नव्हता, आणि मला त्याची लई घमेंड होती. मी मॅडमना म्हणालो, "थोडं थांबून बघा की." त्या म्हणाल्या, "बाबा, थांबलो तर गर्भपिशवी आतल्या आत फाटेल. दोघंही जातील."

मी चितेगावचा. चौथीपर्यंत शिकलेलो. लिहिता येतं तेवढं लिहितोय, कारण आता फौजेतल्या पोरांशी लग्न होऊन लई मुली वर बर्फात राहायला जातात आणि बाळंतपणाला खाली येतात. त्यांच्या बापांनी हे वाचावं.

कांचन माझी धाकटी लेक. जावई फौजेत, लेहला. लग्नानंतर त्याला क्वार्टर मिळालं, तशी ती तिकडंच राहिली. ती जागा अकरा-बारा हजार फूट उंच. गेल्या गेल्या तिला जिना चढतानासुद्धा धाप लागायची, मग अंग रुळलं. दिवस गेले तेव्हा व्याही म्हणाले, "तिथं मिल्ट्रीचा दवाखाना हाय, तिथंच होऊ द्या." मी म्हणालो, "पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्यात तसंच असतं." व्याही मुलाकडचे. त्यांच्यापुढं मी कधी आवाज चढवला नव्हता. पण ह्या गोष्टीत मी ऐकलं नाही. मुदत भरत आली तशी लेकीला विमानानं आणलं; जावई ड्युटीवर तिकडंच राहिला. येऊन आठवडा झाला नाही तोच पाणी सुटलं.

दवाखान्याला निघताना म्हातारीनं, तिच्या आईनं, तिला वाडगाभर दूधभात चारला, वर तूप. लेक उपाशी पोटी उंबरा ओलांडत नाही, हा तिचा नेम. मीही म्हणालो, "खाऊ दे, ताकद लागंल."

दवाखान्यात भुलीच्या डॉक्टरनं पहिला सवाल तोच केला. बारीक अंगाची तरुण मुलगी होती. "काय खाल्लं? कधी?" म्हातारीनं अभिमानानं सांगितलं. त्या पोरीचा चेहरा उतरला. म्हणाली, "आजी, मग मला हिला पूर्ण झोपवता येणार नाही. पोट भरलेलं असलं की बेशुद्धीत उलटी होते, ती फुप्फुसात जाते आणि माणूस गुदमरतो. मी स्पायनल देते." स्पायनल अॅनेस्थेशिया म्हणजे पाठीच्या कण्यात बारीक सुई घालून औषध सोडायचं. छातीखालचं अंग बधिर होतं, माणूस जागा राहतो. सिझरला बहुतेक हेच देतात.

मग तिनं विचारलं, "आतापर्यंत कुठं राहायची?"

"लेहला. दोन वर्षं झाली," मी छाती काढून सांगितलं.

ती थबकली. "तिकडून येऊन किती दिवस झाले?" मी सांगितलं. ती म्हणाली, "उंचावर राहणाऱ्यांना कधी कधी ही सुई नेहमीएवढी टिकत नाही. आमच्या सरांना बोलावून ठेवते." तिनं तिथंच फोन लावला. मला वाटलं, पोरगी घाबरट आहे.

थोड्या वेळानं आतून बाळ रडलं. मुलगा. बाहेर सगळे उठून उभे राहिले. व्याही त्यांच्या पुतण्याला घेऊन नुकतेच पोचले होते. त्यांनी मला मिठी मारली आणि म्हणाले, "पाव्हणं, जिंकलात!"

त्यांची मिठी सुटली नव्हती तोच कांचन ओरडली.

मी बैल ठेचताना, म्हणजे खच्ची करताना, धरलेले आहेत. चार गडी अंगावर बसतात, खाली बैलाच्या अंडाचा चेंदा होत असतो, आणि तो जो आवाज काढतो तो माणसाच्या काळजात बोट घालतो. माझी लेक तसं ओरडत होती. दाराला फटी नव्हत्या तरी आवाज भिंतीतून येत होता. "आई गं, कापायलेत! मला कळतंय! थांबा!" म्हातारीनं तोंडात पदर कोंबला आणि फरशीवर बसली.

दार उघडून नर्स धावत आली. तिच्या हातमोज्यांपासून कोपरापर्यंत रक्त. बाळ काढल्यावर गर्भपिशवी आवळत नव्हती, रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरांचे हात पोटात होते आणि सुईचा असर मधेच उतरला होता. हात काढले तर ती रक्तानं जाणार, आणि नाही काढले तर जिवंतपणी आतडी चाळवल्यासारखं सोसणार. पोट भरलेलं, म्हणून पूर्ण झोपवायचं तर आधी घशात नळी टाकावी लागते, म्हणजे उलटी फुप्फुसात जात नाही, आणि त्याला तयारीचा हात पाहिजे. तरुण डॉक्टर गुंगीचं थोडं थोडं औषध देत होती, पण ते पुरत नव्हतं. नर्स म्हणाली, "रक्ताच्या पिशव्या आणा, पळा!" माझा थोरला मुलगा पळाला.

इकडं व्याह्यांचं डोकं फिरलं. "म्हटलं होतं तिकडंच होऊ द्या! तुम्ही माहेर-माहेर करत पोरीला खाटकाच्या हातात दिलं!" असं म्हणून त्यांनी दारावर लाथ घातली. पुतण्यानं खुर्ची उचलून काउंटरच्या काचेवर फेकली. काच फुटून आतल्या बाईचं कपाळ कापलं. वॉचमन पळाला. लाथांच्या आवाजात लेकीचं ओरडणं मिसळत होतं आणि मला कोणता आवाज कुठला ते कळेना.

तेवढ्यात जिन्यावरून एक माणूस धापा टाकत आला. डोक्यावर हेल्मेट तसंच, गळ्यात बॅग. फोन करून बोलावलेले मोठे भूलतज्ज्ञ तेच, पण आम्हाला काय माहीत. व्याह्यांनी पुढं होऊन त्यांची कॉलर धरली.

"तूच ना सुई टोचणारा? पोरीला शुद्धीत फाडता व्हय रे!"

"अहो सोडा, मी आत्ता आलोय. मला आत जाऊ द्या."

"आत कशाला, अजून कापायला?"

व्याह्यांनी त्यांना भिंतीवर आपटलं. पुतण्यानं हेल्मेटवर गुद्दा मारला. बॅग खाली पडली, पट्टा तुटला. डॉक्टरांनी हात उगारला नाही. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "बाबा, तिच्या घशात नळी टाकायचीय. मी इथं उभा राहिलो तर ती मरेल."

व्याही म्हणजे आम्हाला देवासारखे. मुलीकडच्यानं त्यांच्यापुढं मान खाली घालायची, हे मी बापाकडून शिकलो. मी हातातली काठी उगारली आणि त्यांच्या मनगटावर हाणली. जोरात. हाड वाजलं. कॉलर सुटली. पुतण्या माझ्या अंगावर आला, त्याच्या नडगीवर दुसरी. तो खाली बसला. मी दारापुढं पाठ लावून उभा राहिलो आणि म्हणालो, "आता जो हात लावंल त्याचं डोकं फोडतो. मग तो कुणी का असंना."

डॉक्टर आत गेले. थोड्या वेळात ओरडणं बंद झालं. बंद झाल्यावर मला जास्त भीती वाटली. मेली की झोपली, हे दारातून कळत नव्हतं. मुलगा रक्त घेऊन आला, पिशव्या आत गेल्या. बराच वेळ गेला. मग मॅडम बाहेर आल्या, अंगावरचा हिरवा डगला काळा पडलेला. "गर्भपिशवी काढावी लागली नाही," म्हणाल्या. "लेक जिवंत आहे."

मोठे डॉक्टर मागून आले. फाटक्या कॉलरनंच त्यांनी मला समजावलं. उंचावर हवा विरळ, म्हणून शरीर बदलतं. रक्त दाट होतं, कण्याभोवतीचं पाणी आणि नसा औषधाला वेगळ्या वागतात. काही जणांत सुई नेहमीपेक्षा लवकर उतरते. खाली आल्याबरोबर शरीर पहिल्यासारखं होत नाही. "हिच्या बाबतीत तेच कारण होतं असं मी छातीठोक सांगणार नाही," ते म्हणाले, "पण तुम्ही लेहचं सांगितलं म्हणून मला आधीच फोन आला. नसता आला तर मी अजून क्रांती चौकात ट्रॅफिकमध्ये असतो." मी त्यांना हात जोडले. मी असे कुणाला जोडत नाही.

त्या काचेमागच्या बाईच्या कपाळाला टाके पडले. तिनं तक्रार केली, आणि केली ते बरं केलं. पुतण्याला चौकीत बसवलं. कांचन काही दिवस आयसीयूत होती. आयसीयू म्हणजे जिथं मशीन माणसावर नजर ठेवतं. घशाला नळीनं सूज होती, आवाज फुटत नव्हता. भिंतीकडं तोंड करून पडायची. ट्रॉलीचं चाक वाजलं तरी मुठी आवळायची.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. पोर वरून आली असेल तर दवाखान्यात सगळ्यात आधी ते सांगा. शक्य असेल तर लई आधी खाली आणा, नाहीतर तिकडंच राहू द्या. कळा सुरू झाल्या की डॉक्टरला विचारल्याशिवाय घास चारू नका, मग तो कितीही मायेचा असो. आणि दारावर लाथ मारू नका. आत तुमचंच माणूस असतं.

बारशाच्या आधी व्याह्यांनी निरोप धाडला. म्हाताऱ्यानं, म्हणजे मी, भावकीसमोर त्यांचे पाय धरावेत, नाहीतर सून आणि नातू नेणार नाही. मी उलट निरोप दिला, पाय धरणार नाही. तरी ते आले. हाताला प्लॅस्टर, तोंड फिरवून ओसरीवर बसले. भावकी बसली. एक जण म्हणाला, "आबा, वाकायला काय जातं? मुलीकडचे आहात."

कांचन आतून आली. पोट धरून, भिंतीला टेकत. आमच्याकडं बाळंतीण बैठकीत येत नाही. मी उठून तिला आत पाठवणार होतो, पण ती सासऱ्यांशी बोलायला लागली. आवाज अजून खरखरीत होता.

"मामा, माझ्या पोटात हात होते. बोटं कुठं जातायत ते मला कळत होतं. तुमच्या लाथा ऐकू येत होत्या, आणि मला वाटत होतं, दार मोडलं तर हे लोक हात काढतील आणि मी तशीच उघडी राहीन. आबांनी मारलं नसतं तर तुम्ही आज मयतीला आला असता. कुणी कुणाचे पाय धरायचे नाहीत. मला कुठं न्यायचं, ते मी ठरवीन."

मला वाटलं व्याही उठून जातील. त्यांनी मान खाली घातली, प्लॅस्टरचा हात मांडीवर घेतला. मग ते म्हणाले, "पोरी, अजून दुखतं का?"

"दुखतं, मामा."

मी इतके दिवस तिच्या उशाशी बसून होतो. पण हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.