फुलपाखरांच्या घरी मुलगी द्यायची होती

मला कुठे न्यायचं नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि भांडण निघायची शक्यता असेल तिथे मलाच न्यायचं, हेही. त्यामुळे भाचीला अंबरनाथचं स्थळ आलं आणि मुलाकडचं घर बघायला जायचं ठरलं, तेव्हा ताईचा बेलवलीहून फोन आला. "तू ये. फक्त तोंड आवर." तोंड आवरून बसायला मी माझ्या विठ्ठलवाडीच्या घरीच बसले असते. तरी गेले.

मुलगा एकुलता एक, मुंबईत ऑफिसात. वडील कारखान्यात अधिकारी होते, आता निवृत्त. बंगला स्वतःचा. भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, रस्ताभर त्या बंगल्याचंच कौतुक करत होते. मुलाचं नाव एकदाही निघालं नाही. फाटकावर पाटी होती : फुलपाखरे व पतंग संग्रहालय, प्रवेश विनामूल्य, चपला बाहेर.

"आधी आमचं वैभव बघा, चहा मागाहून," असं म्हणत मुलाच्या वडिलांनी आम्हाला, भाचीसकट, हॉलमधून थेट आत नेलं. घरातली सगळ्यात मोठी खोली ती. पडदे ओढलेले, एसी चालू, आणि डांबरगोळ्यांचा असा उग्र वास की माझं डोकं दारातच धरलं. भिंतीवर काचेच्या पेट्या, त्यांच्याखाली पार जमिनीपर्यंत लाकडी खण. सगळीकडे टाचणीला टोचलेली फुलपाखरं, पंख ताणून, ओळीनं लावलेली. मधोमध आपलं राज्य-फुलपाखरू नीलवंत, आणि शेजारी ताटलीएवढा एक तपकिरी पतंग. "हे सगळं वन्यजीव कायद्याच्या आधीचं हं," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले.

खोटं कशाला बोलू, सुंदर होतं सगळं. त्याचाच मला जास्त राग आला. एवढी बारीक नक्षी ज्याला दिसते, त्याला आपली बायको पाण्याचा ट्रे घेऊन दारात ताटकळली आहे हे दिसत नव्हतं. त्या आत येत नव्हत्या, कारण त्या खोलीत पाणी न्यायचं नाही, ओलावा चालत नाही. शेवटी मीच बाहेर जाऊन ट्रे हातातून घेतला.

"मुलाची खोली कुठली?" मी विचारलं.

"तो हॉलमध्ये झोपतो. लग्नानंतर वर एक खोली काढू."

म्हणजे मेलेल्या किड्यांना एसी आणि पोटच्या पोराला दिवाण. मी तसं म्हणाले नाही, पण माझा चेहरा म्हणाला असावा, कारण भावोजींनी डोळे वटारले.

मग मुलाच्या वडिलांनी एक खण ओढला, भाचीच्या हातात चिमटा दिला आणि म्हणाले, "हं, त्या पिवळ्याची टाचणी धरून उचल बघू. पंखाला धक्का लागता कामा नये."

पूर्वी मुलीला चालून दाखव म्हणायचे, गाणं म्हण म्हणायचे. हे नवीनच होतं. भाचीनं उचललं. कल्याणच्या बँकेत दिवसभर लोकांच्या नोटा मोजणारी पोरगी ती, तिचा हात कशाला थरथरेल? "वा! हात स्थिर आहे," ते भावोजींना म्हणाले, आणि भावोजी असे फुलले की विचारू नका.

"अहो, पण हात कशाला तपासताय?" मी म्हटलं.

"पावसाळा आला की बुरशी धरते. कीड लागते, खाली भुकटी पडते. त्याआधी प्रत्येक खण काढायचा, पुसायचा, गोळ्या बदलायच्या. इतकी वर्षं ही करत आली," त्यांनी दाराकडे हात केला. "आता हिच्यानं होत नाही. घरचंच माणूस पाहिजे. बाहेरचा हात मी लावू देत नाही."

"आणि तिची बँक?"

"बघू की. नोकरीची गरज अशी नाहीच आमच्याकडे."

मी मुलाकडे वळले. तो तेवढा वेळ उंबऱ्यापलीकडे रुमाल नाकाला लावून उभा होता. "तुम्ही का नाही करत हे?"

"मला ॲलर्जी आहे ना, डांबरगोळ्यांची," तो म्हणाला. अगदी निरागसपणे.

ताईनं माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात नेलं. तिथे मुलाची आई कपात चहा गाळत होत्या. गुडघ्यांना पट्टे बांधलेले. मी विचारलं, "तुम्ही हे सगळं जमिनीवर बसून करता?" त्या म्हणाल्या, "खालचे खण खालीच असतात ना," आणि बिस्किटं काढायला वळल्या. मला त्यांचाही राग आला. अशा बायकांमुळेच हे असले पुरुष माजतात, असं मला वाटलं.

परतताना रिक्षात भावोजी म्हणाले, "तुझ्या जिभेला हाड नाही. चांगलं स्थळ घालवशील."

"बाबा, मावशीनं काही नाही घालवलं," भाची म्हणाली. "मला ती खोली आवडली. खरंच, एकदम भारी आहे. पण मी तिथे जॉबला नाही चाललेय. माझा नकार आहे."

भावोजी दोन दिवस फुगून बसले. नकार कळवायला ते तयार नव्हते, ताई तयार नव्हती. मग अर्थात मी. अपमान झाला तर उलट चार शब्द सुनवायचे, या तयारीनंच फोन लावला. उचलला मुलाच्या आईनं.

"आमच्याकडून नाही आहे," मी म्हटलं.

"बरं."

मी फोन ठेवणारच होते.

"मला वाटलं होतं, यंदा पावसाळ्याआधी घरात कुणीतरी येईल," त्या म्हणाल्या. "मला आता खाली बसवत नाही हो. बसले की उठवत नाही."

मी तयार ठेवलेले चार शब्द वायाच गेले. त्या दिवशी यांच्यावर कशाला चिडले मी, असं झालं. "मग बसू नका ना!" मी म्हटलं. "सांगा त्यांना स्पष्ट."

"माझं नाही ऐकत ते. तुम्ही बोलता तसं मला येत नाही." मग लगेच म्हणाल्या, "तुम्ही सांगाल का? थांबा, देते हं त्यांना."

मी काही म्हणायच्या आत त्या फोन घेऊन निघाल्या. पावलं ऐकू आली, दार उघडल्याचा आवाज आला, एसीची घरघर आली.

"हॅलो, बोला," ते म्हणाले. "काय ठरलं मग?"

"लग्नाचं नाही ठरलं," मी म्हटलं. "ते झालं. आता दुसरं ऐका. आणि बाईंना तिथेच उभं राहू द्या, नाही, आधी खुर्ची द्या त्यांना."