अनुबिससमोरची वही

बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरात आमच्या खालच्या मजल्यावर एक वयस्कर डच बाई एकट्या राहतात. त्यांच्या कपाटावर कोल्ह्याच्या तोंडाचा काळा इजिप्शियन देव आहे, अनुबिस. मेलेल्यांना पलीकडे नेणारा. रोज सकाळी त्या त्याच्यापुढे पाणी आणि पाव ठेवतात, मेणबत्ती लावतात आणि एका वहीतली नावं मोठ्यानं वाचतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं.

मग पुण्यात बाबांची बायपास ठरली. लेकीला कांजिण्या झालेल्या, त्यामुळे मला निघता येईना. रडून रडून डोळे सुजलेले, तशीच खाली गेले आणि म्हटलं, "माझ्या बाबांचं नावही रोज घ्याल का?" आपल्याकडे कुणी आजारी पडलं की देवळात गुरुजींना नाव-गोत्र देतोच की. शिवाय न्यायला येणाऱ्यालाच विनवावं, इतका माझा सरळ हिशोब. बाईंनी काही न विचारता मला जवळ घेतलं आणि वही पुढे केली. मी नाव लिहिलं, गोत्रही लिहिलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांना वरण-भात द्यायला गेले, तर त्यांनी हळूच विचारलं, "वडिलांचा अंत्यविधी झाला का?"

मी डबा खाली ठेवला. "ते जिवंत आहेत. उद्या ऑपरेशन आहे."

बाईंचा चेहरा उतरला. वहीत त्यांचा नवरा होता, दोन बहिणी होत्या. सगळे गेलेले. नाव घेत राहिलं की ती माणसं तिकडे जिवंत राहतात, अशी त्यांची श्रद्धा. आणि चार दिवस त्यांच्यात माझे बाबा होते!

"मग खोडा ना ते!" मी ओरडलेच.

"नाव खोडलं की माणूस पुसला जातो. इथूनही आणि तिथूनही," त्या म्हणाल्या. "मी नाही खोडणार. तू लिहिलंस, तूच खोड." त्यांनी माझ्या हातात पेन दिलं.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर, असल्या गोष्टींवर विश्वास नाही म्हणून सांगत फिरणारी. पण हात काही चालेना. पेन ठेवून वर आले आणि स्वतःला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी बाबांना आत नेल्याचा भावाचा मेसेज आला, तेव्हा खाली वाचन सुरूच होतं. बाबांचं नाव डच उच्चारात, गोत्रासकट ऐकू आलं.

ऑपरेशन नीट झालं. बाबा आता रोज फिरायला जातात आणि फोनवर भांडतातही. बाई अजून त्यांचं नाव घेतात. हल्ली बाईंना फार धाप लागते. परवा त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "मी गेले की माझं नाव लिही आणि सगळी नावं तू वाच."

मला नाही म्हणता आलं नाही. म्हणजे उद्या त्या मेलेल्यांच्या रांगेत माझ्या जिवंत बापाचं नाव मलाच घ्यावं लागणार. आणि एक दिवस ते घेतलं नाही तर काय होईल, हे बघायची माझी छाती नाही.