सुकाणूची थरथर

लातुरात माझी ओळख एवढीच, की माझी सुई दुखत नाही. मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो. तान्ह्या बाळांच्या शिरा डोळ्यांना दिसत नाहीत, त्या बोटाला कळाव्या लागतात आणि सुई एकदाच, सरळ आत जावी लागते. डॉक्टर चिठ्ठीवर तपासणीचं नाव लिहितात आणि वर तोंडी सांगतात, रक्त यांच्याकडूनच घ्या. या हाताचा मला गर्व होता आणि तो मी कधी लपवलाही नाही. घरही त्याच हातावर चाललं होतं.

म्हणूनच पाणबुडीचा किट मागवताना मला जराही शंका आली नाही. मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला होता. कुणीतरी प्लास्टिकची पाणबुडी तळ्यात सोडतो, रिमोटची कांडी अंगठ्यानं ढकलतो आणि ती आवाज न करता पाण्याखाली जाते. दिवसभर रडणारी पोरं ऐकणाऱ्या माणसाला हे आवडणारच. कुरिअरनं खोका आला. आत करड्या प्लास्टिकच्या चौकटी, त्यांना चिकटलेले बारीक बारीक भाग, पाणी शिरू नये अशी एक बंद नळी आणि तिच्यात बसवायच्या छोट्या मोटरी. बायकोनं खोक्यात डोकावून बघितलं.

"लातुरात पाण्याची बोंब, अन् तुम्ही पाणबुडी करायलात," ती म्हणाली. मी कात्री मागितली.

पहिल्याच रविवारी काहीतरी खटकलं. मी पाणबुडीचे दोन अर्धे भाग एकमेकांना चिकटवत होतो. बायको पदर नाकाला लावून बाहेर आली.

"खिडकी तरी उघडा की. लई उग्र वास हाय, डोकं धरलं माझं."

मला कसलाच वास येत नव्हता. चिकटवायच्या सोल्युशनच्या बाटलीचं तोंड नाकाशी नेलं, तरी नाही. सर्दी झाली असेल, म्हणालो. सर्दी झालेली नव्हती. संध्याकाळी जेवताना लक्षात आलं की फोडणीचाही वास आपल्याला आलेला नाही, आणि तो कधीपासून येत नाही ते काही केल्या आठवेना. तो विषय मी ताटावरच सोडला.

शेपटीकडचे पंख तिरके बसले. पॉलिश पेपरनं घासून काढले, पुन्हा लावले, पुन्हा तिरके. मी किट बनवणाऱ्यांचा उद्धार केला, साचाच वाकडा आहे म्हणालो. लॅबमध्ये काउंटरवरची मुलगी एक दिवस म्हणाली, "सर, ट्यूबवरचं नाव वाचता येईना, किती बारीक लिहिताय?" मी पेन बदलला. आमच्याकडं नेहमी येणाऱ्या एक आजी आहेत, माझ्यावर त्यांचा फार जीव. त्यांना दुसऱ्यांदा टोचावं लागलं. त्या कापूस दाबून धरून माझ्या तोंडाकडं बघत बसल्या. थंडीनं शिरा आखडतात, असं मी त्यांना समजावलं. बाहेर रस्त्यावर रसवंत्या सुरू झाल्या होत्या.

जोडणी संपली आणि खरा त्रास सुरू झाला. रिमोटच्या कांडीवर अंगठा ठेवला की पाणबुडीचं सुकाणू बारीक थरथरायचं. रिमोट टेबलावर ठेवला की स्थिर. पुन्हा हातात घेतला की थरथर चालू. हातानं अँटेना झाकली जात असेल, म्हणून सिग्नल तुटत असेल, असं मी ठरवून टाकलं. मग बॅटरी बदलली. सुकाणूची मोटर बदलली. वायरला चांदीचा कागद गुंडाळला. मोरीतल्या निळ्या पिंपात पाणबुडी सोडून तासन्‌तास उकिडवा बसलो आणि तिच्यावर खेकसलो. ती थरथरतच राहिली.

शेवटी रिमोटसकट नांदेडच्या मित्राकडं पार्सल केली. हा माझा कॉलेजचा मित्र, रिमोटवरची विमानं उडवतो. त्यानं उलट व्हिडिओच पाठवला. पाणबुडी त्याच्या टेबलावर, कांडीवर त्याचा अंगठा, आणि सुकाणू डावीकडं, उजवीकडं, अगदी शांत. मागोमाग फोन आला.

"काही बिघाड न्हाई रे हिच्यात. चांगली चालवून बघितली." मग म्हणाला, "तू बरा हायस ना?"

"पाणबुडीचं विचारलं होतं, माझं नाही," म्हणून मी फोन ठेवला. नंतर तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला, सांगता येणार नाही. सुकाणू नाही, त्याचा अंगठाच बघत होतो.

तेव्हापासून मी चहाचा कप डाव्या हातात धरू लागलो. उजवा हात खिशात. आधी वास जातो, अक्षर बारीक होतं, मग हात थरथरतो, त्या आजाराचं नाव मला ठाऊक आहे. त्याचे पेशंट माझ्यासमोर येऊन बसतात, बोटांत गोळी वळत असल्यासारखा त्यांचा हात हलत राहतो, आणि मी तो घट्ट धरून रक्त काढतो. ते नाव मी मनात येऊ दिलं नाही. पाणबुडी परत आली तेव्हाही सिग्नलच आहे, सिग्नलच, असं घोकत राहिलो.

रेणापूरकडं मेव्हण्याच्या शेतात प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे. एका रविवारी दुपारी बायकोला घेऊन तिकडं गेलो. मोकळ्या पाण्यात सिग्नल नीट मिळेल, ही शेवटची आशा होती. पाणी हिरवट आणि गच्च होतं, तळ दिसत नव्हता. काठ इतका निसरडा, की आत गेलेल्याला वर येता येत नाही, म्हणून मेव्हण्यानं भोवती तार बांधली आहे. तारेमधून हात घालून मी पाणबुडी सोडली आणि कांडी ढकलली. ती निघाली, पण शेपूट थरथरत, नागमोडी. नाक मधेच खाली घालायची, मधेच वर काढायची.

"वारा लई आहे," मी म्हणालो. बाजूच्या कडब्याच्या गंजीवरची एक काडीसुद्धा हलत नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. रिमोट बायकोच्या हातात दिला, फोन डाव्या हातात घेतला आणि उजवा खिशात घातला. लॅबमधली मुलगी बोलत होती. उद्या सकाळी एक बाळ येणार आहे, आठवड्याचंही नाही. काविळीची तपासणी आहे. दुसरीकडं टोचून टोचून त्याचा हात निळा झालाय, म्हणून डॉक्टरांनी तुमच्याकडंच पाठवलंय.

मी ऐकत होतो आणि समोर पाणबुडी सरळ चालली होती. बायकोनं याआधी हा रिमोट कधी हातात धरला नव्हता. ती नुसती अंगठ्यानं कांडी ढकलत होती. शेपूट शांत होती. पाणबुडी तळ्याच्या मधोमध गेली, वळली आणि तशीच सरळ परत यायला लागली. मी घाबरलो. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

"सर, येताय ना? त्यांना कळवायचंय."

"दुसऱ्या कुणाला तरी सांग."

"दुसरं कोण, सर? बाळांचं तर तुम्हीच घेता."

"माझा हात थरथरतो," मी म्हणालो. "मी त्या बाळाला हात लावणार नाही." आणि फोन बंद केला.

बायकोनं रिमोट खाली मातीत ठेवला. जवळ येऊन माझा उजवा हात खिशातून बाहेर काढला आणि स्वतःच्या दोन्ही हातांत धरला. तिथंही तो हलतच होता.

"मला लई दिवस झाले दिसायलंय," ती म्हणाली. "झोपलात की तेवढा थांबतो."