गाभण उंदरणींची गुनहिल्ड

गुनहिल्ड त्रानबर्गचं अर्धं आयुष्य रानर्स गावच्या डुकरांच्या कत्तलखान्यात गेलं. सुरीवर तिचा हात असा बसलेला की जनावराला कळायच्या आत सगळं आटोपलेलं असे. कुणी टिंगल केलीच तर ती तोंडानं नाही, कोपरानं उत्तर द्यायची.

तिची धाकटी बहीण आस्टा आठव्या महिन्यात होती. बटाटे सोलता सोलता ती म्हणाली, "गुन, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत गं," आणि खुर्चीसकट कोसळली. आकडी अशी आली की टाचा फरशीवर आपटून फुटल्या, जीभ दातांखाली सापडून तोंड रक्तानं भरलं. गुनहिल्डनं घाबरून जबड्यात बोट घातलं, तर ते हाडापर्यंत चावलं गेलं. अख्खी डुकरं उलथवणाऱ्या दंडांना बहीण काही आवरली नाही. गर्भारपणी एखादीचा रक्तदाब चढून अशी आकडी येते. आस्टा गेली, पोटातलं बाळही गेलं.

गुनहिल्डनं कत्तलखाना सोडला आणि ती ऑर्हुसच्या प्रयोगशाळेत उंदरं सांभाळायला लागली. तिथं डॉक्टर थोरा विंथर आस्टाच्याच दुखण्यावर एक औषध तपासत होती. गाभण उंदरणीचं पोट उघडायचं, गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आवळायच्या, मग तिचा रक्तदाब चढायचा. निम्म्या उंदरणींना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. विण्याआधी सगळ्यांना मारून गर्भाला पोसणारी आतली वार तपासायची. मारायचं काम गुनहिल्डचं.

"कीव नाही येत तुला?" थोरानं एकदा विचारलं.

"येते ना. म्हणून तर हात थरथरू देत नाही."

एका रविवारी भरदुपारी ती पिंजऱ्यांत पाणी भरत होती, तेवढ्यात दार फुटलं. प्रयोगातली जनावरं सोडवायला निघालेले, तोंडं झाकलेले तिघे आत घुसले, हातात लोखंडी सळया.

"ए खाटकीण, हो बाजूला!" त्यांतली बाई ओरडली.

"खाटकीण तर खाटकीण. पण पिंजऱ्यांना हात लावू नका. पोटुशा आहेत त्या, टाके अजून ओले आहेत."

ऐकतंय कोण! पिंजऱ्यांची चळत धाडकन आडवी झाली. उंदरणी फरशीवर सैरावैरा धावल्या आणि सोडवायला आलेल्यांच्याच बुटांखाली चिरडल्या. एकीचे टाके उसवून आतडी बाहेर आली. तिला उचलायला गुनहिल्ड वाकली, तोच मनगटावर सळई बसली. हाड काडकन मोडलं. दुसरा फटका डोक्यावर येत होता. तिनं डाव्या हातानं त्या माणसाचे केस धरले आणि त्याचं तोंड पोलादी टेबलावर आपटलं. सळई त्याच्या हातातून गळाली. तिनं पुन्हा आपटलं. पुन्हा. दात फरशीवर उडाले.

"अगं बाई, सोड! मरेल तो!" मघाची बाई आता रडत होती.

गुनहिल्डनं सोडलं, तेव्हा तो नुसता घरघरत होता.

थोरा धावत आली. वाचलेल्या उंदरणी भेदरून थरथरत होत्या. त्यांचा रक्तदाब मोजण्याला आता काही अर्थ उरला नव्हता. प्रयोग बुडाला होता. मोडलेला हात गळ्यात बांधून गुनहिल्डनं एकेकीला डाव्या हातानं कायमचं शांत केलं. दवाखान्यात ती त्यानंतरच गेली.

येप्पे नावाच्या त्या माणसाचा एक डोळा कायमचा गेला. कोर्टात गुनहिल्डचा वकील म्हणाला, जे झालं ते स्वसंरक्षणासाठी. तिनं त्याला थांबवलं.

"पहिला फटका जीव वाचवायला होता. पुढचे नव्हते. थांबता आलं असतं, मी थांबले नाही."

येप्पेला तुरुंग झाला. तिलाही शिक्षा झाली, पण ती स्थगित ठेवली गेली. बाहेर पडताना येप्पेची आई तिच्या तोंडावर थुंकली. गुनहिल्डनं बाहीनं तोंड पुसलं आणि ती चालू लागली.

पुढच्या वर्षी प्रयोग नव्यानं झाला. औषधानं उंदरणींचा रक्तदाब उतरला खरा, पण पोटातली पिल्लं मिठाचं पाणी दिलेल्यांपेक्षा जास्त मेली. औषध रद्द झालं. थोरा टेबलावर डोकं टेकून बसली.

"एवढं सगळं करून हाती काय आलं, गुनहिल्ड?"

"हे औषध कुणा बाईला द्यायचं नाही, एवढं तरी कळलं," गुनहिल्ड म्हणाली आणि मेलेल्या पिल्लांचा ट्रे उचलून धुवायला घेऊन गेली.