चहावाल्या आजोबांच्या भिंतीवरचं वचन

सुहासनं मला फसवलं. वेम्बलीतल्या आमच्या भागीदारीच्या दुकानाचं लीज त्यानं एकट्याच्या नावावर करून घेतलं.

आज मुलीनं चमेलीचा चहा केला आणि त्या वासानं ती दुपार आठवली. दुकानाशेजारच्या चिनी चहावाल्या आजोबांच्या भिंतीवर माणसं पारखण्याविषयीचं एक जुनं वचन काळ्या शाईत लिहून चौकटीत टांगलेलं होतं. मला ते हवं होतं, पण माझ्या किमतीत.

"तू घासाघीस कर रे, लीजचं मी बघून येतो," सुहास हसत म्हणाला.

आजोबांनी माझा कप भरला. "तुम्ही नाही जात सोबत?"

मला वाटलं, म्हातारा सौदा टाळतोय. मी आणखी हट्टाला पेटलो आणि जिंकलो.

ते वचन आता माझ्या हॉलमध्ये आहे. सुहास, एकदा त्याच्यासमोर उभा राहा आणि सांग, असं का केलंस?