बुबुळाभोवतीचं कडं

महांतेश मूळचा निपाणीकडचा. बंगळूरला चिकपेटातल्या दुकानात वीस वर्षं साड्या उलगडून दाखवत आलेला, गोड बोलणारा, शांत माणूस. पण थोरल्या अश्लेषाचे हात कापायला लागले आणि त्याचा पाय एका जागी ठरेना.

सोळा वर्षांची पोर. अक्षर बारीक होत गेलं, जीभ जड झाली. एका डॉक्टरांनी परीक्षेचं टेन्शन म्हटलं, दुसऱ्यांनी मानसोपचाराला धाडलं, तिसऱ्यांनी लिव्हरला सूज आहे म्हणून टॉनिक दिलं. आठ महिने महांतेश फायलींची पिशवी घेऊन हेब्बाळपासून बनशंकरीपर्यंत फिरला. कुणी नवं नाव सुचवलं की गिऱ्हाइकापुढची साडी तशीच टाकून उठायचा. बायको सुलभा म्हणाली, पोर दमलीय, आठवडाभर तरी थांबा. तो थांबला नाही.

मग अश्लेषाला चष्म्यासाठी नेलं, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई यंत्रातून बराच वेळ बघत राहिल्या. बुबुळाभोवती तपकिरी कडं होतं. त्यांनी तिथूनच मेंदूविकाराच्या एका तज्ज्ञांना फोन लावला.

रक्त, लघवी तपासून त्या तज्ज्ञांनी विल्सनचा आजार सांगितला. आई आणि बाप, दोघांकडूनही दोष आला तरच होणारा. अन्नातलं तांबं शरीराबाहेर पडत नाही, लिव्हरमध्ये, मेंदूत साठतं. औषध आहे, पण जन्मभर घ्यायचं. महांतेशला जरा हायसं वाटलं, तोच त्यांनी विचारलं, "आणखी मुलं किती?"

"धाकटी आहे, प्रांजली. ती ठणठणीत आहे, सर."

"तिलाही तपासू."

रिपोर्ट येईपर्यंत तो जेवताना प्रांजलीच्या बोटांकडेच बघत बसे. तिलाही तोच आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, लक्षणं दिसायच्या आत आजार सापडला, हिला बहुधा काही त्रास होणार नाही. दोघींच्या गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांत अश्लेषाचं अक्षर थोडं सुधारलं. बोलणं अजून अडखळतंच.

महांतेशला मात्र गावाकडचा धाकटा भाऊ रघुजी डोळ्यांपुढे दिसू लागला. त्याची बायको सुलभाचीच सख्खी बहीण, म्हणजे तिथंही दोन्हीकडून तेच रक्त; पदरी दोन मुलं. फोन केला तर रघुजी म्हणाला, "अण्णा, उगीच घाबरवू नकोस. आमची पोरं बरी आहेत."

"माझी प्रांजलीही बरीच होती," महांतेश म्हणाला.

शनिवारी दुकानातून लवकर सुटून, दोन्ही मुलींचे रिपोर्ट पिशवीत घालून तो निपाणीच्या बसमध्ये बसला.