'एक शेगडी'चा पत्ता

साधना गरीब स्वभावाची आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर खुशाल समजा की तो माणूस तिला ओळखत नाही. बोलायला मऊ आहे, हे खरं. दारात आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही, हेही खरं. पण तिच्या वाटेला कुणी गेलं, तर ती भांडत नाही, रडत नाही, शिव्याही देत नाही. नुसता डूख धरते. तिचा नवरा सुजित एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपात वेल्डर आहे. तो म्हणतो, "ही आदळआपट करते तोवर घाबरायचं कारण नाही. ही गप्प बसली की समोरच्यानं घर सोडावं."

अंबाजोगाईकडून लग्न होऊन आली ती थेट चाकणजवळच्या कुरुळीत. निरंजनच्या घरामागे भाड्याच्या खोल्यांची रांग होती, त्यातली एक खोली यांची. निरंजन म्हणजे गावातल्या जुन्या जमीनदार घरातला मुलगा. जमीन कंपन्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधल्या. बाकीच्या खोल्यांत पोरं राहायची. नांदेडची, हिंगोलीची, धाराशिवची. खोलीत एकच शेगडी, आणि पहिल्या शिफ्टला कंपनीची बस उजाडायच्या आत. भल्या पहाटे केलेली भाजी जेवणाच्या सुट्टीपर्यंत आंबून जायची. पोरं तसंच खायची नाहीतर वडापाववर भागवायची. साधना त्यांना दारातूनच सांगायची, "अरे बाबा, डब्याच्या भाजीत टोमॅटो घालू नको. कूट आधी खमंग भाजून घे. भाजी निवल्याशिवाय झाकण लावू नको." एक दिवस त्यातलाच एकजण म्हणाला, "ताई, हे कुठंतरी लिहून ठेवा, रोज विसरतंय." तिनं मोबाईलवर लिहून ठेवलं. असा तिचा ब्लॉग सुरू झाला. नाव ठेवलं, 'एक शेगडी'.

ब्लॉग कसा चालवायचा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पहिलाच लेख तिनं शाळेतल्या निबंधासारखा लिहिला, 'मानवी जीवनात अन्नाचे महत्त्व'. कुत्रं फिरकलं नाही तिकडे. मग तिनं पोरं ज्या शब्दांत विचारायची तेच शब्द वर मथळ्यात टाकले: 'पहिल्या शिफ्टचा डबा दुपारपर्यंत टिकायला काय करावं'. तो लेख असा पळाला की बस्स. माणसं गूगलला जसं विचारतात तसंच लिहायचं, ही गोष्ट तिथून तिच्या डोक्यात पक्की झाली. आधी ती रविवारी लेख टाकायची, कारण जगाला सुट्टी रविवारी असते. पण आपल्या इकडे एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. रविवारी पोरं मशीनवर उभी, वाचणार कोण? मग बुधवारी संध्याकाळी टाकायला लागली. बुधवारी पोरं किराणा आणायला जातात, लेख वाचत वाचतच सामान घेतात. फोटो काढायची तो उंबऱ्यात, दिवसाच्या उजेडात. ट्यूबखाली पिठलं आजारी दिसतं. किराणा दुकानात मसाल्याच्या पुड्या लटकतात तिथं ब्लॉगच्या पत्त्याचं स्टिकर, शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या सीटमागे स्टिकर. आणि खाली कुणी काही लिहिलं की उत्तर द्यायचंच, मग ते नुसतं 'छान' का असेना.

सगळं स्वतःच्या अकलेनं केलं, आणि एका ठिकाणी मात्र माती खाल्ली.

फुकटच्या ब्लॉगचा पत्ता लांबलचक होता, मागे दुसऱ्याच कंपनीचं शेपूट. निरंजन म्हणाला, "वहिनी, स्वतःचा पत्ता घ्या. छोटा, तोंडात बसेल असा." सल्ला शंभर टक्के बरोबर होता, वाईट माणसाचा सल्लाही बरोबर असू शकतो. तो म्हणाला, "तुम्ही कुठं घालता हात त्या भानगडीत, मीच घेऊन देतो." त्याचं कार्ड, त्याचा ईमेल, ओटीपी त्याच्या मोबाईलवर, आणि जोडून द्यायला म्हणून ब्लॉगचा पासवर्डही त्यानं मागून घेतला. साधनानं उपकार मानून त्याला पुरणपोळ्या करून घातल्या. केसानं गळा कापणारा आधी केस विंचरून देतो, हे तिला तेव्हा कुठं ठाऊक होतं.

ब्लॉग वाढत गेला. चाकणपासून भोसरीपर्यंतची पोरं वाचायला लागली. नांदेडच्या एका पोरानं खाली लिहिलं होतं, 'ताई, पहिल्याच आठवड्यात गावी पळून जाणार होतो. तुमच्यासारखं पिठलं करून खाल्लं, बरं वाटलं, राहिलो.' ते तिनं किती वेळा वाचलं असेल, देव जाणे. लग्नानंतर तिला सुजितची बायको, नाहीतर शेवटच्या खोलीतली, एवढीच ओळख होती. इथं अनोळखी पोरं तिला ताई म्हणत होती, आणि ते तिनं स्वतः मिळवलेलं होतं.

निरंजनच्या डोळ्यांत ते भरलं. आयत्या बिळावर नागोबा बसायला वेळ किती लागतो? त्यानं चाकण रस्त्याला मेस काढायचं ठरवलं. यांचा अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला तेव्हा म्हणाला, "खोली लागणार आहे, मेसच्या आचाऱ्यांना." बरं, घर त्याचं, त्यावर बोलायची सोय नाही. ही सामान बांधत होती आणि मधेच ब्लॉग उघडायला गेली, तर पासवर्ड चालेना. साधा वाचकासारखा पत्ता टाकून पाहिला. वर फोटो निरंजनच्या बायकोचा, विजयश्रीचा. हातात पळी, चेहऱ्यावर हसू, आणि नाव 'विजयश्रीची एक शेगडी'. लेख सगळे साधनाचे, शब्दाला शब्द. खाली नांदेडच्या पोराचं ते 'ताई'ही तसंच, फक्त आता ती ताई विजयश्री झाली होती.

साधनाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती तशीच अंगणात गेली. निरंजन खुर्चीवर बसून मेसच्या फ्लेक्सचं डिझाइन बघत होता.

"भाऊजी, लेख माझे आहेत."

"असतील. पत्ता कुणाच्या नावावर आहे?"

"तुम्ही घेऊन दिला होता मला."

"वहिनी, आम्ही जमिनीतली माणसं," तो हसत म्हणाला. "सातबाऱ्यावर नाव ज्याचं, जमीन त्याची. कसणारा कुणी का असेना. पत्ता माझ्या नावावर आहे, तो आता कायमचा माझा."

आतून विजयश्री बघत होती. साधना त्यावर गप्पच बसली. वळली, खोलीत आली आणि भांडी पोत्यात भरायला लागली. सुजितनं तिचं तोंड बघितलं आणि निरंजनचं कसं होणार म्हणून तो मनातून चरकला.

भोसरीत खोली मिळाली. सुजित म्हणाला, "जाऊ दे. पाण्यात राहून माशाशी वैर नको." ती म्हणाली, "आपण आता त्याच्या पाण्यात राहत नाही." तिनं नवा ब्लॉग काढला. या खेपेला पत्ता स्वतःच्या नावावर, ईमेल स्वतःचा, नंबर स्वतःचा, आणि प्रत्येक लेखाची प्रत वेगळी जपून ठेवलेली. पण गूगलवर शोधलं की वर निरंजनचा जुना ब्लॉग यायचा, तिचा कुठंतरी तळाला. जुना वाडा चोरानं बळकावला आणि धनीण झोपडीत, अशी गत. वरून एक दिवस भाजी आणायला गेली तर समोरून मेसचा टेम्पो गेला. पाठीवर एवढा मोठा 'एक शेगडी'चा पत्ता. तिनं हातातली मेथी तिथंच दुकानदाराच्या टोपलीत टाकली आणि रिकामी परत आली. त्या दिवशी घरात जेवण झालं नाही.

चूक कुठं झाली ते कळावं म्हणून ती नवशिक्यांसाठी लिहिलेलं जे सापडेल ते वाचत सुटली होती. अशाच एका ठिकाणी तिला दिसलं की इंटरनेटवरचा पत्ता कुणाच्याच मालकीचा नसतो. मुदतीवर मिळतो, मुदत संपायच्या आत पुन्हा पैसे भरावे लागतात, नाहीतर सुटतो. आणि कुठल्या पत्त्याची मुदत कधी संपते, हे कुणालाही बघता येतं. तिनं निरंजनच्या पत्त्याची तारीख बघितली, ती तोंडावर आली होती आणि पैसे भरलेले नव्हते. मग ती हसायला लागली. सुजित ताटावर बसला होता, त्याचा घास हातातच राहिला.

गंमत बघा. आयुष्यभर लोकांना अकरा महिन्यांवर ठेवणारा माणूस, पत्त्याच्या बाबतीत स्वतःच भाडेकरू होता, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. नावावर झालं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं झालं, हे त्याच्या रक्तात. मुदतीच्या आठवणी ज्या ईमेलवर येत असतील तो त्यानं तेवढ्यापुरता काढला होता, परत कधी उघडलाच नाही.

साधना थांबली. थांबणं हे तिला फार चांगलं येतं.

मुदत संपली आणि एका सकाळी 'एक शेगडी' दिसेनाशी झाली. पत्ता लगेच मोकळा होत नाही, मधे काही आठवडे जुन्या धन्याला पैसे भरून तो परत घेता येतो. नेमका तेव्हाच विजयश्रीचा फोन आला. पत्ता घेणं आणि फोटो बदलणं यापलीकडे घरात कुणालाच काही कळत नव्हतं.

"साधनाताई, रागावू नका. ते साइट दिसत नाही म्हणतात. तुम्हाला माहितेय का काय झालं असेल?"

एक वाक्य सांगितलं असतं तर त्यांचं काम झालं असतं. साधना गॅस बारीक करून म्हणाली, "सर्व्हरचं काहीतरी असेल गं. होतं असं. हात लावू नका, आपोआप येईल."

"बरं झालं बाई तुम्हाला विचारलं," विजयश्री म्हणाली.

फोन ठेवल्यावर साधनाला जरा वाईट वाटलं, नाही असं नाही. मग तिला पळी धरलेला तो फोटो आठवला आणि वाईट वाटणं गेलं. रोज चहा टाकला की आधी ती पत्ता सुटला का बघायची. सुटला त्या क्षणी तिनं तो घेतला, स्वतःच्या नावावर.

आता तिथं ती पुन्हा पाककृती टाकेल असं तुम्हाला वाटलं असेल. छे. तिनं एकच पान टाकलं. मथळा, 'नवीन ब्लॉग काढणाऱ्यांनी काय काळजी घ्यावी'. पत्ता स्वतःच्या नावावर घ्या. मुदतीची तारीख घरात भिंतीवर लिहा. पासवर्ड घरमालकाला देऊ नका. आणि प्रत्येक सल्ल्याखाली तो का द्यावा लागला ते, निरंजनच्या आणि विजयश्रीच्या नावासकट, पुरणपोळ्यांसकट. ते पान तिनं बुधवारी संध्याकाळी टाकलं.

गुरुवारी कंपन्या बंद, पोरं मोकळी. टेम्पोवर तोच पत्ता, फ्लेक्सवर तोच, मेसच्या टेबलावरच्या कार्डांवर तोच. जेवायला बसलेल्या पोरांनी तिथंच उघडून वाचलं आणि कंपनी बसच्या ग्रुपवर फिरवलं. नांदेडच्या पोरानं मेसच्या दारात उभं राहून मोठ्यानं वाचलं म्हणे. संध्याकाळपर्यंत निरंजनचा फोन आला. आधी पोलिसांची भाषा, मग वहिनी-वहिनी, मग "काय पाहिजे ते बोला."

"मला काय पाहिजे? सातबारा बघा," साधना म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवशी तिनं शिरा केला.

फ्लेक्स उतरले, टेम्पोच्या पाठीवर पांढरा रंग बसला. पान मात्र जागेवर होतं, आणि निरंजनचं नाव गूगलवर टाकलं की सगळ्यात वर तेच यायचं. तेव्हा एक दिवस कौशल्याबाई बसनं भोसरीला आल्या. निरंजनची आई. कुरुळीत असताना त्या साधनाला कधी वाईट शब्द बोलल्या नव्हत्या, उलट थंडीत त्यांनी डिंकाचे लाडू आणून दिले होते. साधनानं चहा ठेवला.

"पोरी, सुनंच्या माहेरच्यांनी वाचलं ते," कौशल्याबाई म्हणाल्या. "बाप बोलत न्हाई तिच्याशी. तिला फोटोला उभं केलं म्हनून ती उभी ऱ्हायली. तिचं काय चुकलं? आमी बाया काय इचारून उभ्या ऱ्हातो व्हय?"

साधनानं मोबाईल घेतला. त्यांच्यासमोरच पान उघडलं आणि जिथं जिथं विजयश्रीचं नाव होतं तिथून ते काढलं. तिला फोनवर खोटं सांगितलं होतं, तेही तिनं कौशल्याबाईंना सांगून टाकलं, आणि विजयश्रीला निरोप द्यायला सांगितला की त्याबद्दल मला वाईट वाटतंय.

कौशल्याबाईंनी बशीतला चहा संपवला. पदरानं तोंड पुसलं.

"आन्‌ माझ्या ल्योकाचं नाव?"

"ते राहणार, मावशी."

"किती दिस?"

"मुदत संपायच्या आत मी पैसे भरणार," साधना म्हणाली. "दरवर्षी भरणार. मी आहे तोवर."

कौशल्याबाईंनी कपबशी बाजूला सरकवली. मग त्यांनी पिशवी उचलली आणि कुरुळीची बस कुठून मिळते ते विचारलं. साधना त्यांना थांब्यापर्यंत सोडायला गेली.